कूलरच्या पायाखालची चकती

निलू,

चार दिवस झाले, कूलर बंद आहे. बुऱ्हाणपूरचा मे महिना म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तुझी आई दुपारभर जुन्या पेपरची घडी करून वारा घेते आणि मी शेजारी बसून घाम पुसतो. येणारे-जाणारे म्हणतात, सरांनी पोराच्या दुःखात कूलरसुद्धा सोडला. म्हणू दे. खरं काय ते त्यांना सांगायची माझी छाती नाही. म्हणून तुला सांगतो. तुला तरी कुठं सांगतोय म्हणा, वहीत लिहितोय आणि वही माझ्याच पेटीत राहणार आहे.

तुला जाऊन एकवीस दिवस झाले. तिकडं लडाखात तुमची गाडी खिंडीतून उतरत होती, चाक घसरलं आणि गाडी खाली गेली, एवढंच मला सांगितलं. जास्त मी विचारलं नाही. पायात पाती बांधून वर्षानुवर्षं तू गोठलेल्या तळ्यावर पळालास, तेव्हा तुझा पाय घसरला नाही, आणि मेलं त्या गाडीचं चाक घसरलं. ह्याला काय म्हणायचं रे? बत्तीस वर्षं गणित शिकवलं मी. कुठलंही गणित चुकलं की कितव्या पायरीवर चुकलं ते बोट ठेवून दाखवायचो. हे कुठं चुकलं ते मला सापडत नाही.

सुट्टीवर येताना तू इंदूरहून बसलास की असीरगडापाशी फोन करायचास. "आप्पा, किल्ला दिसला. आईला सांगा, भात टाक." नेहमीचं ठरलेलं. मी ओरडायचो, की पाऊण तास आहे अजून, आत्तापासून कशाला भात, गिचका होईल. आणि तुझी आई माझं काही न ऐकता तांदूळ धुवायला घ्यायची. तुला घरी आणलं त्या दिवशी तुझ्याबरोबर आलेल्या जवानानं फोन केला, "सर, असीरगढ़ पार हो गया." घरात माणसं भरलेली, अंगणात खुर्च्या लागलेल्या. मी नुसतं मोठ्यानं म्हणालो, असीरगडापर्यंत आले. तुझी आई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिनं भात टाकला. बायका धावल्या तिच्यामागं. तिनं सगळ्यांना हातानं बाजूला केलं, गॅस बारीक केला आणि झाकण ठेवलं. तो भात कोणी खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी मीच तो गाईला घातला.

असो. मी तुला चकतीबद्दल सांगायला बसलोय.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तुमची टीम बर्फावरच्या हॉकीत देशात पहिली आली आणि होळीच्या सुमारास तू घरी आलास. चेहरा उन्हानं काळा पडलेला, नाकाची सालं निघालेली. मी म्हणालो, बर्फात राहून माणूस गोरा होतो म्हणतात, तू तर निंबोल्याच्या केळीच्या बागेत मजुरी करून आल्यासारखा दिसतोस. तू हसलास. मग बॅगेतून रुमालात बांधलेली ती वस्तू काढलीस आणि माझ्या हातात दिलीस.

"आप्पा, हे तुमच्यासाठी."

"काय आहे?"

"पक. फायनलचा. ह्यानंच शेवटचा गोल झाला."

"म्हणजे चेंडू?"

"चेंडूच समजा. फक्त चपटा."

"चपटा चेंडू! तिकडं हवा इतकी कमी आहे का, की चेंडूसुद्धा फुगत नाही?"

खूप हसलास तू. आई पण हसली. मला माझ्याच विनोदाचं कौतुक वाटलं. शेवटचा गोल कोणी केला हे मी विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस. काळ्या रबराची ती जड चकती मी हातात उलटीपालटी केली आणि रेडिओच्या शेजारी फळीवर ठेवून दिली. झालं कौतुक.

दोन दिवसांनी नवा कूलर आला. आठवतं ना, खिडकीपाशी लोखंडी स्टँडवर बसवला, तर डुगडुग डुगडुग. आपल्या पुढच्या खोलीची फरशी दाराकडं उतरती, पाणी जावं म्हणून. स्टँडचा एक पाय अधांतरी. तुझी आई म्हणाली, विटेचा तुकडा लावा. वीट! मी गणिताचा मास्तर. फूटपट्टी आणून फट मोजली, बरोबर एक इंच. आता एक इंच जाडीचं काय आहे घरात म्हणून नजर फिरवली, तर फळीवर तुझी चकती. मोजली, बरोबर एक इंच. एक दोरा इकडं नाही की तिकडं नाही. रबर असल्यामुळे वर थरथर पण शोषली जाणार. मी इतका खूश झालो की लहान पोरासारखा ओरडलो, "निल्या, अरे हे तर बरोबर एक इंच निघालं!"

तू चहा पीत होतास. कप तसाच हातात राहिला. मी पाहिलं ते, निलू. पाहिलं नाही असं आता म्हणणार नाही. एवढासा वेळ तुझा चेहरा उतरला. मग तू कप खाली ठेवलास, उठलास, दोन्ही हातांनी कूलर वर उचलून धरलास आणि म्हणालास, "सरकवा आप्पा."

मी सरकवली.

डुगडुग थांबली. मी कूलर चालू केला, समोर खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, बघा, तुमच्या खेळाचा काहीतरी उपयोग झाला.

तुझ्या खेळाशी माझं वैर जुनं होतं. आपल्या इथल्या लालबागच्या रस्त्यावर तू चाकाचे बूट घालून घसरत फिरायचास, कुठल्या दोस्ताचे मागून आणलेले. दात पाडून घेतलास त्यात. मी ते बूट हिसकावून माळ्यावर टाकले आणि तुला दोन लगावल्या. गणितात पस्तीस मार्क पडलेला पोरगा रस्त्यावर घसरतो, आणि त्याचा बाप शाळेत लोकांच्या पोरांना भूमिती शिकवतो. स्टाफरूममध्ये मान खाली जायची माझी. पुढं तू फौजेत भरती झालास तेव्हा बरं वाटलं, म्हटलं घसरणं सुटलं एकदाचं. तर वर्षभरात तुझा फोन, "आप्पा, साहेबांनी मला हॉकीच्या टीममध्ये घेतलं. बर्फावरची. चाकाचे बूट येत होते म्हणून." मी म्हणालो, "ताप्तीकाठचा पोऱ्या तू, बर्फ पाहिला तो उसाच्या रसात. तुला कोण खेळवणार?" आणि फोन आईकडं दिला.

नंतर तुझी नोकरीच खेळाची झाली, पगारच त्याचा मिळायला लागला, तरी मी लोकांना सांगताना म्हणायचो, पोरगा बॉर्डरवर आहे. खोटं नव्हतं ते. पण खेळाचं नाव तोंडातून निघायचं नाही माझ्या.

तू त्या फायनलचा व्हिडिओ पाठवला होतास. पाच-सहा मिनिटांचा. मी अर्धा पाहिला आणि नेट गेलं असं सांगितलं. नेट गेलं नव्हतं. मला काही कळतच नव्हतं त्यात, आणि कळत नाही हे सांगायचं जिवावर आलं. परवा तो पुन्हा लावला. सगळ्यांच्या डोक्यावर टोप, तोंडावर जाळी, अंगावर गाद्या बांधल्यासारखे कपडे. चकती तर दिसतच नाही. तुला शोधता शोधता व्हिडिओ संपला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तुझी आई मागून आली, तिनं चष्मासुद्धा लावला नव्हता, आणि म्हणाली, "हा काय निलू. डावा पाय बाहेर टाकतो ना तो, चालायला लागला तेव्हापासून." तिनं बोट ठेवलं तोच तू होतास. शेवटी त्यालाच सगळ्यांनी मिठ्या मारल्या. तेव्हा मला कळलं शेवटचा गोल कोणी केला ते. सहा वर्षांनी.

आता खंडेनवमीचं. हे लिहायचं टाळत होतो.

दसऱ्याला तुला कधी सुट्टी मिळाली नाही, त्या एका वर्षी मिळाली. तुझ्या आईनं पाट मांडला, वस्त्र घातलं. तिचं शिवणयंत्र बाजूला पुसून ठेवलं, विळी ठेवली, आणि दरवर्षीप्रमाणे माझा फळ्यावर वर्तुळं काढायचा लाकडी परकार आणि फूटपट्टी. मी अंघोळ करून आलो तर परकाराच्या शेजारी ती चकती! तू ती कूलरखालून काढून, नळाखाली घासून धुऊन आणलेली, आणि आई तिला हळदकुंकू वाहत होती. चकतीच्या कडेला बारीक खाचा असतात, त्यात कुंकू जाऊन बसलेलं.

माझ्या डोक्यात काय शिरलं देव जाणे. म्हणालो, "हे काय? रबराला कुंकू? घरात आणखी कुठं टायर-ट्यूब असतील तर तेही आणून मांडा."

आई म्हणाली, "अहो, त्याचं हत्यार आहे ते."

"हत्यार? ज्याच्यावर पोट चालतं ते मांडायचं असतं इथं."

तू खाली बसला होतास. मान वर करून अगदी हळू म्हणालास, "आप्पा, माझं पोट ह्याच्यावरच चालतं."

"पोट सरकारच्या पगारावर चालतं तुझं," मी म्हणालो, आणि दोन बोटांत धरून चकती पाटावरून उचलली.

तू ती माझ्या हातातून घेतलीस. कूलरपाशी गेलास, एका हातानं तो कलता केलास आणि दुसऱ्या हातानं चकती पायाखाली सरकवलीस. मग येऊन जेवायला बसलास. दोन पुरणपोळ्या खाल्ल्यास, तिसरी मागून घेतलीस. मला वाटलं, चला, विसरला. बापाचं बोलणं पोरांनी मनावर घ्यायचं नसतं असंच मी मानत आलो. माझ्या बापाचं मीही मनावर घेतलं नव्हतं. हे मात्र खोटं. माझ्या बापाचा शब्द न् शब्द मला आठवतो.

तुझा शेवटचा फोन आला तेव्हा तू म्हणालास, "आप्पा, ह्या दसऱ्याला सुट्टी टाकलीये. मंजूर होईल असं वाटतं. आपलं ते राहिलंय ना."

"काय राहिलंय?"

"आल्यावर बोलू," म्हणालास आणि हसलास.

काय राहिलं होतं रे? चकती पाटावर मांडायची राहिली होती, की माझ्याशी भांडायचं राहिलं होतं? का भलतंच काही, लग्नाचं वगैरे? मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मी काय विचारलं माहितीये? विचारलं, पॅनकार्ड सापडलं का. ते आपलं शेवटचं बोलणं. सापडलं, असं तू सांगितलंस.

पाच दिवसांपूर्वी नोर्बू आला. तुझ्याच टीमचा, लडाखचा पोरगा, तुझी पेटी घेऊन आला होता. इतका लांब एकटा आला. पुढच्या खोलीत आला तेव्हा घामानं न्हालेला. आपल्याकडं पाहुणा आला की त्याला कुठं बसवतात? कूलरसमोरच्या खुर्चीत. त्याला तिथंच बसवलं. गार वारा लागला तसे त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "अंकल जी, ये तो जन्नत है." पाय लांब केले. त्याच्या बुटापासून चकती वीतभर अंतरावर.

पेटीतलं एकेक काढून त्यानं आईच्या पुढ्यात ठेवलं. तुझी जर्सी, ते पात्यांचे बूट, दाढीचं सामान. आई प्रत्येक वस्तू घेऊन मांडीवर ठेवत होती. मग तो जरा सावरून बसला.

"अंकल जी, वो पक दिखा दीजिए. एक बार हाथ लगाना है."

"कौन सा?" मी विचारलं. कोणता ते मला चांगलं ठाऊक होतं.

"फाइनल वाला. पास मैंने दिया था, मारा उसने. पूरी टीम बोली कि यूनिट के शोकेस में रहेगा, हमेशा वहीं रहता है. निलेश अड़ गया. साहब से लड़ लिया. बोला, नहीं, पिताजी को देना है." आणि मग तो हसला, डोळ्यात पाणी असताना हसतात तसा. "आपने कहाँ रखा है, वो भी बताया था उसने."

"क्या बताया?"

"बोला, मेरे पिताजी मैथ के टीचर हैं. हाथ में आते ही स्केल लेकर नापा. फिर घर में ऐसी जगह रखा कि उसके बिना काम ही नहीं चलता. बोला, गरमी में तो पूरा घर उसी के भरोसे रहता है. हम समझ गए, मंदिर में रखा होगा."

निलू, तू खोटं काहीच सांगितलं नव्हतंस. एक शब्द खोटा नव्हता. आणि तरी तू मला किती झाकून घेतलंस रे. तिथं सगळ्यांच्या बापांनी पोरांच्या पदकांचं काय काय केलं असेल, कोणी वाजतगाजत नेलं असेल, कोणी काचेत ठेवलं असेल, आणि तुला कोणी विचारलं असेल, तेरे पिताजी ने क्या किया? तेव्हा तू बसून हे वाक्य जुळवलंस. किती वेळ लागला असेल जुळवायला?

मी तेव्हा उठायला पाहिजे होतं. नोर्बूला सांगायला पाहिजे होतं, बेटा, हा बघ इथं आहे, मी ठेवलाय, मी गाढव आहे. तो वाकला असता, त्यानं हात लावला असता, कपाळाला लावला असता. तेवढ्यासाठी आला होता पोरगा. दोन दिवस रेल्वेत बसून.

मी म्हणालो, "बैंक के लॉकर में है. आज बैंक बंद है."

बुधवार होता. स्वयंपाकघराच्या दारात तुझी आई चहाचा ट्रे घेऊन उभी. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग कूलरच्या पायाकडं पाहिलं. ट्रे ठेवला आणि आत गेली. नोर्बूनं मान डोलावली, "सही जगह है अंकल जी. सेफ है." संध्याकाळच्या गाडीनं तो परत गेला. जाताना देवघरासमोर हात जोडले आणि म्हणाला, "फोटो भेज देना. ग्रुप में डालूँगा. सब लड़के पूछते हैं."

तो गेल्यावर आई पेटीपाशी बसली. तुझ्या जर्सीच्या घड्या घालत होती, उलगडत होती, परत घालत होती. शेवटी म्हणाली, "दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"काय दाखवू? कूलरच्या पायाखाली घातलंय ते दाखवू?"

"घालताना नाही वाटली लाज," ती म्हणाली.

चाळीस वर्षांत ती मला असं कधी तोडून बोलल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कूलर बंद केला. टाकी रिकामी केली, तरी माझ्यानं तो उचलेना. तेव्हा तू उचलला होतास आणि मी सरकवली होती. आता मी कसाबसा कलता करून धरला, आणि चकती काढायला कोणी नाही. मी हाक मारली तशी तुझी आई आली, फरशीवर बसली आणि आत हात घालून तिनं चकती ओढून काढली. दोन म्हातारी माणसं, निलू, एक रबराची चकती काढायला घामाघूम झालो.

आणि तेव्हा पाहिलं. चकतीच्या वर तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा होता, गोल, कडा दुमडून घासलेल्या, कुणाचा हात कापू नये म्हणून. आणि कडेभोवती माझ्याच जुन्या सायकलच्या ट्यूबचा पट्टा, ताणून बसवलेला. मी असलं काही केलं नव्हतं. आईनं केलं नव्हतं. तू दरवेळी सुट्टीवर आलास की कूलरच्या जाळीतली गवताची घास बदलायचास, टाकी घासायचास, आणि मला म्हणायचास, "आप्पा, तुम्ही आत जाऊन बसा, धूळ उडते, तुम्हाला खोकला लागतो." मी आत जाऊन बसायचो आणि मनात म्हणायचो, पोराला बापाच्या छातीची किती काळजी. काळजी होतीच. पण तू मला आत पाठवून ती चकती काढायचास, पुसायचास, तिला पायाच्या गंजापासून जपायचास, आणि पुन्हा मी ठेवली होती तिथंच ठेवायचास. बाहेर काढून कपाटात ठेवली असतीस, तर मी काय तुला फाशी दिली असती? का नाही काढलीस? मी ठेवली होती म्हणून?

पत्रा काढला. खाली मधोमध खड्डा आहे, लोखंडी पायाचा. पहिल्या उन्हाळ्यातलाच असणार, पत्र्याच्या आधीचा. चकतीवर काहीतरी छापलेलं होतं, दोन काठ्या आणि अक्षरं, त्यातली मधली अक्षरं खड्ड्यात गेली. मग ट्यूबचा पट्टा सोडवला. कडेच्या खाचांमध्ये कुंकू अजून आहे. किती वेळा कूलर गळला, किती वेळा फरशी धुतली, पण पट्ट्याखाली ते तसंच्या तसं राहिलं. मी दोन बोटांत धरून पाटावरून उचलली होती ना, त्या दिवशीचं.

तुझी आई ती मांडीवर घेऊन बसली. मी तिथं थांबू शकलो नाही. अंगणात जाऊन नळ सोडून उभा राहिलो, माझा आवाज आत जाऊ नये म्हणून.

आता आमच्यात भांडण आहे. मी म्हणतो चकती देवघरात ठेवू. ती म्हणते, "होती तिथं ठेवा. त्यानं ठेवली तशी. त्यानं तिथं आहे म्हणून सांगितलंय सगळ्यांना, त्याला खोटं पाडू नका." तिचं चूक नाही. पण माझ्या हातून ती पुन्हा त्या पायाखाली जात नाही. एक इंच जाडीचं लाकूड शनवारा भागातला कुठलाही सुतार पाच मिनिटांत कापून देईल, हे मला समजतं. मी जात नाही. घर तापू दे. मला तो वारा नको आता. तुझ्या आईचे हाल होतात, ते दिसतात मला, आणि तरी मी उठत नाही. असा माणूस आहे मी, आधीही असाच होतो.

तू केलंस त्याबद्दल बापानं पोराचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. येत असतं तर सहा वर्षांपूर्वी चहाच्या कपाशेजारी मानले असते. त्या चपट्या चेंडूच्या विनोदावर तू हसलास, ते खरं हसलास का रे? एवढं तरी विचारून घ्यायला हवं होतं. लोक येतात आणि सांगतात, सर, अभिमान बाळगा, तुमचा मुलगा मोठा खेळाडू होता. मी हो म्हणतो. ज्याला मी व्हिडिओत ओळखू शकलो नाही, त्याचा अभिमान मी कुठल्या तोंडानं बाळगू?

दसरा येईल. आई पाट मांडेल. चकती मी स्वतः मांडीन परकाराच्या शेजारी, कुंकू वाहीन, आणि तू मान वर करून बघायला नसशील. मग ते कोणासाठी करायचं? जे राहिलं होतं ते राहिलंच. माझ्या शाळेत पेपरची वेळ संपली की मी सांगायचो, पेन खाली ठेवा, आता लिहिलेलं धरणार नाही. पोरं गयावया करायची. मी ऐकायचो नाही.

नोर्बूचे दोन मेसेज आलेत. "अंकल जी, फोटो?" आणि काल पुन्हा, नुसते जोडलेले हात. मी आज सकाळी फोटो काढला, खिडकीतल्या उजेडात, पांढऱ्या रुमालावर ठेवून. तुझ्याच रुमालावर. छान आला. खड्डा पण स्वच्छ दिसतो. उलटी ठेवून काढावी असं मनात आलं. उलटी केली, पुन्हा सुलटी केली. अजून पाठवलेला नाही. पाठवला की तो विचारणार, अंकल जी, बीच में ये क्या हो गया?

तू असतास तर काहीतरी सांगितलं असतंस त्याला. एक शब्द खोटा न बोलता, मला झाकून घेऊन. मी फोन हातात धरून बसलोय, निलू, आणि मला वाक्य जुळत नाही.